जास्वंदीची लागवड आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जास्वंदीविषयी येणारे प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिल-मे महिन्यांत कळ्या गळण्याची तक्रार असते, पावसाळ्यात फांद्या काळ्या पडल्याची, भाद्रपदाच्या आधी फुले वेळेवर कशी येतील याची चौकशी असते आणि पांढऱ्या किडीचा प्रश्न तर बारा महिने येतो. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जास्वंद मूळची आपल्याकडचीच आहे का?

हिचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. ते लिनियसने १७५३ मध्ये दिले आणि त्याचा शब्दशः अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. तरीही ही जात रानात आपोआप वाढलेली सापडत नाही. शेकडो वर्षे माणसाने फांद्या लावून ती एका दारातून दुसऱ्या दारात नेली आहे. मलेशियाने १९६० मध्ये लाल जास्वंदीला राष्ट्रीय फूल ठरवले. आपल्याकडे गणपतीला तांबडे फूल वाहण्याच्या प्रथेमुळे ती घरोघरी पोहोचली.

कापूस, भेंडी आणि अंबाडी ही जास्वंदीची सख्खी भावंडे होत. भेंडीचे पिवळे फूल हातात घेऊन पाहिले, तर मधला दांडा, त्यावरचे पुंकेसर आणि टोकाशी असलेले स्त्रीकेसराचे ठिपके हे सारे जास्वंदीसारखेच दिसते. हे नाते केवळ कुतूहलापुरते नाही, कारण या झाडांवरच्या किडीही सामाईक असतात (प्रश्न १२ पाहा).

२. पहिल्यांदाच लावणार आहे. कोणती जास्वंद घ्यावी?

निःसंशय गावठी लाल, एकेरी पाकळ्यांची. ती काटक असते, फांदीपासून सहज लागते आणि जवळजवळ वर्षभर फुलते. तिच्यावर हात बसला की दुहेरी लाल, पांढरी किंवा फिकट गुलाबी घ्यावी. पाकळ्या झालरीसारख्या कातरलेल्या आणि फूल खाली लोंबणारे असते ती झुंबर जास्वंद ही वेगळी जात आहे, पण तिची निगा अशीच राखायची असते. मिरची जास्वंदीचे फूल कधीच पूर्ण उमलत नाही. तो तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

वीतभर व्यासाची, दोन-तीन रंगांची फुले असलेली संकरित कलमे मोहक दिसतात खरी, पण त्यांची मुळे नाजूक असतात. पाणी साचणे आणि थंडी ही दोन्ही त्यांना बाधतात आणि फुलेही तुलनेने कमी येतात. नवशिक्या माणसाने ती आधी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण एक महागडे कलम मेले की बहुतेकजण जास्वंदीचाच नाद सोडून देतात.

३. बाल्कनीत दिवसभर उजेड असतो, पण थेट ऊन येत नाही. चालेल का?

झाड जगेल, पण फुलणार नाही. जास्वंदीला रोज किमान पाच ते सहा तास थेट ऊन लागते. सकाळचे तीन-चार तास ऊन मिळाल्यास गावठी लाल थोडी फुले देते. त्याहून कमी ऊन असेल, तर फुलांसाठी दुसरे झाड निवडणे अधिक योग्य. याउलट विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात, विशेषतः तापलेल्या गच्चीवर, कुंडीतल्या रोपाला दुपारी बारानंतर हिरव्या जाळीची सावली द्यावी. अशा वेळी कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवल्यास मुळे भाजत नाहीत.

४. कुंडी केवढी असावी आणि तिच्यात माती कोणती भरावी?

सुरुवातीला दहा ते बारा इंची कुंडी पुरेशी होते. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी दिली, तर मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि मूळकूज होते. चार भाग बागेची भुसभुशीत माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण मी वापरते. कुंडी भरल्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते अर्ध्या-एक मिनिटात खालच्या छिद्रातून बाहेर आले नाही, तर मिश्रणात वाळू वाढवावी.

नर्सरीतून आणलेल्या पुष्कळ रोपांच्या मुळांभोवती चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवल्यास बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा अशी स्थिती होते, आणि रोज पाणी मिळत असूनही रोप सुकते. गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून त्याची बाहेरची निम्मी माती बोटांनी अलगद मोकळी करावी. संकरित कलमाच्या बाबतीत मुळांना जास्त हात न लावता केवळ बाजूच्या मातीला चिरा पाडाव्यात.

५. अंगणात जमिनीतच लावायची आहे. कशी लावावी?

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती पाण्याचा उत्तम निचरा करते आणि किंचित आम्लही असते. जास्वंदीला ती इतकी मानवते की तेथे गडग्याच्या कडेला खोचलेली फांदीही कुंपण होऊन बसते. देशावरच्या काळ्या मातीत मात्र पावसाळ्यात पाणी तुंबते आणि चुनखडीमुळे लोह मुळांना मिळत नाही. तेथे दीड-दोन फूट खोल खड्डा घेऊन तळाशी विटांचे तुकडे घालावेत, काढलेल्या मातीत निम्मे शेणखत व वाळू मिसळावी आणि रोप आजूबाजूच्या पातळीपेक्षा अर्धा फूट उंच वरंब्यावर लावावे. दोन झाडांमध्ये चार ते पाच फूट अंतर ठेवावे. कुंपण करायचे असल्यास दोन फूट पुरते.

६. रोज किती पाणी घालायचे?

'रोज इतके' असे याचे उत्तर देता येत नाही. मातीत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत. तेथवर कोरडे लागले तर खालून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे, ओल लागली तर घालू नये. कडक उन्हाळ्यात कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागू शकते, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरते, आणि सलग पावसात कुंडीखालची ताटली काढून ठेवणे एवढेच काम उरते. दुपारी माना टाकलेली पाने संध्याकाळी आपोआप ताठ होत असतील, तर तो केवळ उन्हाचा परिणाम असतो. माती ओली असूनही पाने सकाळी मलूल दिसत असतील, तर मुळे कुजू लागल्याची ती खूण आहे. तेव्हा आणखी पाणी घालणे म्हणजे झाड मारणेच होय.

७. खत कोणते आणि किती? केळीची साले आणि चहाचा चोथा चालतो का?

महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत किंवा शेणखत घालावे. भर फुलांच्या काळात दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याच्या पेंडीचे तीन-चार दिवस भिजवलेले, दहा पट पातळ केलेले पाणी द्यावे. रासायनिक खत वापरायचे असल्यास स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेले, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, ओल्या मातीलाच द्यावे.

फुलांसाठी म्हणून हाडांचे खत किंवा भरपूर स्फुरद असलेली खते अनेकजण घालतात. जास्वंदीला ती मानवत नाहीत. स्फुरद मातीत साठत गेले की लोहाचे शोषण अडते आणि पाने पिवळी पडतात. हिला नत्र (नायट्रोजन) मध्यम, स्फुरद कमी आणि पालाश (पोटॅशियम) चांगले लागते. केळीच्या सालांत पालाश असते, पण ती कुंडीवर टाकल्याने चिलटे होतात. ती कंपोस्टमध्ये कुजवूनच द्यावीत. दूध-साखरेच्या चहाचा चोथा स्वच्छ धुऊन, वाळवून आणि चिमूटभरच घालावा, अन्यथा मुंग्या येतात. मुंग्या आल्या की पुढे काय होते, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

८. छाटणी केव्हा करावी? गणपतीच्या दिवसांत भरपूर फुले हवी आहेत.

जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. त्यामुळे छाटणी केली नाही, तर झाड उंच, खालून उघडे आणि केवळ शेंड्यांशी एक-दोन फुले असे होते. वर्षाची मोठी छाटणी थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत करावी. त्या वेळी वाळक्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात आणि उरलेल्यांची फार तर एक तृतीयांश लांबी कापावी.

छाटणीपासून फुलांपर्यंत साधारण दीड ते अडीच महिने लागतात. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही येत असल्याने, तिच्या तारखेपासून अडीच महिने मागे मोजून, म्हणजे बहुधा जूनमध्ये, हलकी छाटणी करावी आणि ती सगळी एकाच दिवशी करू नये. निम्म्या फांद्यांचे शेंडे एका आठवड्यात आणि उरलेल्या फांद्यांचे तीन आठवड्यांनी खुडल्यास दहाही दिवस फुले मिळण्याची शक्यता वाढते.

काप धारदार कात्रीने, बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जेथून नवी फूट येते त्या जागेच्या) बोटभर वर, तिरका घ्यावा, म्हणजे पाणी निथळते. कोकणातल्या मुसळधार पावसात मोठे काप घेणे टाळावे. घेतलेच तर त्यांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी, कारण फांद्या टोकाकडून काळ्या पडत खाली वाळत जाणे बहुधा अशा उघड्या जखमांपासूनच सुरू होते. तसे झालेले दिसल्यास आतले लाकूड हिरवट-पांढरे दिसेपर्यंत फांदी खाली कापत जावे.

९. शेजारच्या काकूंकडची फांदी आणली, पण ती दोनदा वाळली. कुठे चुकते?

बहुधा फांदीच्या निवडीत. अगदी हिरवा शेंडा कुजतो आणि जुने करडे लाकूड मुळे धरायला फार वेळ लावते. पेन्सिलीएवढी जाड, निम्मी हिरवी आणि निम्मी तपकिरी फांदी घ्यावी. तिचा सहा ते आठ इंचांचा तुकडा डोळ्याच्या लगेच खाली कापून खालची पाने काढावीत, वरची दोनच ठेवून तीही निम्मी कापावीत. कळी असेल तर ती निर्दयपणे खुडावी. मुळे फुटण्याआधी फांदी आपला साठा फुलावर खर्च करते आणि मग वाळते.

मुळे फुटवणारी पावडर मिळाली तर लावावी, नाही मिळाली तरी गावठी जात लागते. तुकडा ओल्या जाड वाळूत दोन डोळे आत जातील असा खोचून सावलीत ठेवावा. जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. या दिवसांत फांदी उपटून पाहण्याचा मोह टाळावा. नवी पाने आली म्हणजे मुळे आली असेही नसते, कारण पहिली दोन पाने फांदीच्या साठ्यावरच फुटतात. संकरित जाती छाट कलमाने क्वचितच लागतात. त्यांच्यासाठी पावसाळ्यात गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळे फुटवणे) किंवा गावठी लालच्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या झाडावर, पाचर कलम (पाचरीसारखी कापलेली फांदी चिरेत बसवणे) करावे.

१०. जास्वंदीला बी का धरत नाही?

नेहमीच्या बागेतल्या जाती शतकानुशतके फांद्यांपासूनच वाढवल्या गेल्याने त्यांच्यात बी क्वचित धरते. दुहेरी फुलांत तर बरेचसे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात. संकरित जातींत हाताने परागण केल्यास बोंड धरते, पण त्या बियांपासून आईसारखे झाड येत नाही.

११. कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळतात. काय करावे?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. कशाचीही फवारणी करण्याआधी गळलेली कळी हातात घेऊन नखाने उभी चिरावी आणि पांढऱ्या कागदावर झटकावी. एखाद्या स्वल्पविरामाएवढे पिवळसर किंवा काळपट किडे तुरुतुरु पळताना दिसले, तर ते फुलकिडे होत. अशा वेळी गळलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून टाकाव्यात, आणि दर सहा-सात दिवसांनी संध्याकाळी, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून तीन-चार फवारण्या कराव्यात. निळे चिकट सापळे लावल्यास मदत होते.

कळी आतून स्वच्छ असेल, तर कारण किडीत नाही. माती एकदा ठणठणीत कोरडी आणि एकदा चिखल होणे, पारा एकाएकी चढणे, कुंडीची जागा बदलणे, नत्राचा मारा होणे किंवा मुळे कुंडीत गच्च भरणे यांपैकी काहीतरी घडलेले असते. नवे रोप घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात गळणाऱ्या कळ्यांची काळजी करू नये. ते नव्या जागेशी जुळवून घेणे असते. दुहेरी जातींत हा दोष एकेरीपेक्षा अधिक आढळतो.

१२. फांद्यांवर कापसासारखी पांढरी कीड येते. कितीही फवारले तरी ती परतते. कायमचा उपाय आहे का?

हा पिठ्या ढेकूण. कायमचा उपाय नाही, पण तो आटोक्यात नक्की राहतो. त्याच्या अंगावरच्या मेणामुळे फवारलेले पाणी घरंगळून जाते, म्हणून फवारणी हे शेवटचे पाऊल असावे. प्रथम वेडेवाकडे, गुच्छासारखे आक्रसलेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत. ते कंपोस्टमध्ये टाकू नयेत. नंतर पाइपच्या जोरदार धारेने पानांच्या मागच्या बाजू आणि फांद्यांचे बेचके धुऊन काढावेत. उरलेले ढेकूण सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावेत. त्यानंतर प्रश्न ११ मधील प्रमाणाने निंबोळी तेल दर आठवड्याला तीन-चार वेळा फवारावे. हवेत दमटपणा असेल तेव्हा व्हर्टिसिलियम लेकानी ही कीड मारणारी बुरशी लिटरला पाच ग्रॅम फवारल्यास चांगला परिणाम होतो.

कीड परत येण्याची खरी कारणे दोन असतात. पहिले मुंग्या. ढेकणांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्या खातात आणि त्या बदल्यात मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटल्यांत ठेवले आणि फांद्यांचा भिंतीशी असलेला स्पर्श तोडला, तर निम्मे काम होते. दुसरे कारण आजूबाजूची झाडे. परसातली भेंडी, कुंपणापलीकडची कपाशी किंवा पपई यांवर ढेकूण असेल, तर तो वाऱ्यानेही येतो. एकदा नर्सरीतून आणलेले रोप मी तपासणी न करता इतर कुंड्यांत ठेवले आणि महिन्याभरात सात झाडांवर ढेकूण पसरला. तेव्हापासून नवे रोप पंधरा दिवस वेगळे ठेवल्याशिवाय मी आत घेत नाही.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. ढेकणांच्या गर्दीत त्यांच्यापेक्षा मोठी, लांब पांढऱ्या झुपक्यांची आणि भराभर चालणारी अळी दिसली, तर ती मारू नये. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी असते आणि ढेकूण हेच तिचे अन्न असते. ती दिसत असताना फवारणी थांबवावी.

१३. फवारणी केलेल्या झाडाची फुले देवाला किंवा केसांच्या तेलाला वापरता येतील का?

निंबोळी तेल आणि साबण वापरला असल्यास दोन-तीन दिवसांनी, धुऊन घेतलेली फुले वापरता येतील. रासायनिक, विशेषतः झाडाच्या रसात भिनणारे कीटकनाशक वापरले असल्यास त्या झाडाची फुले-पाने तेलाला किंवा पोटात घेण्याच्या कोणत्याही गोष्टीला वापरू नयेत. गरोदर स्त्रियांनी तर न फवारलेल्या जास्वंदीचेही काढे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

१४. पाने पिवळी पडत आहेत. लोह द्यावे का?

आधी कोणती पाने पिवळी होत आहेत ते पाहावे. खालची एक-दोन जुनी पाने पिवळी होऊन गळणे नैसर्गिक आहे. खालची पाने मोठ्या संख्येने पिवळी होत असतील, तर पाणी जास्त होत आहे (प्रश्न ६) किंवा नत्र कमी पडत आहे. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील, तरच ती लोहाची कमतरता. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या झाडांत ती हमखास दिसते. तेथे चिलेटेड (झाडाला सहज शोषता येणारे) लोह लिटरला अर्धा ग्रॅम पानांवर फवारावे आणि शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसत असेल, तर ते लाल कोळी होत. पाण्याची धार त्यांवर पुरेशी परिणामकारक ठरते.

१५. झाड हिरवेगार आहे, कीड नाही, पण वर्षभर एकही फूल नाही. असे का?

ऊन कमी (प्रश्न ३), नत्र जास्त (प्रश्न ७) किंवा छाटणी चुकीच्या वेळी वारंवार (प्रश्न ८) या तिन्हींपैकी एक कारण जवळजवळ नेहमीच सापडते. दर महिन्याला आकार देण्यासाठी कात्री चालवणाऱ्यांच्या झाडांना कळी धरायला अवसरच मिळत नाही.

१६. फूल एकाच दिवसात मिटते. ते टिकवता येते का?

गावठी जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते, काही संकरित फुले दोन-तीन दिवस राहतात. हिचे एक वैशिष्ट्य असे की तोडलेले फूल पाण्यात ठेवले काय आणि कोरडे ठेवले काय, ते जवळपास तितकेच टिकते. दुसऱ्या दिवशी उमलणारी फुगलेली, रंग दिसू लागलेली कळी आदल्या संध्याकाळी तोडली, तरी ती सकाळी ताटात उमलते. पहाटे पूजा करणाऱ्यांना याचा उपयोग होतो.

१७. फुलाच्या तळाशी भोक पडलेले दिसते. ही कोणती कीड?

ही कीड नव्हे. बहुधा शिंजीर पक्ष्याने बाकदार चोचीने तळाशी छिद्र पाडून मध प्यायलेला असतो. फुलाला त्याने काही अपाय होत नाही.

१८. पिवळी जास्वंद आणली होती, दोन वर्षांनी लाल फुले येऊ लागली. झाड बदलले का?

झाड बदलले नाही, खुंट वर आला. संकरित कलमे गावठी लालच्या खुंटावर बांधलेली असतात. कलमाच्या गाठीखालून फुटलेला धुमारा अधिक जोमदार असतो आणि पाहता पाहता वरच्या जातीला मागे टाकतो. गाठीखालची प्रत्येक फूट दिसताच मुळापासून खुडावी. ती कापल्यास पुन्हा फुटते. पिवळी फांदी एखादी तरी जिवंत असेल, तर लाल फांद्या काढून ती वाचवता येते.

पिवळे किंवा नारिंगी फूल थंडीत गडद आणि उन्हाळ्यात फिकट होणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. या रंगांवर तापमानाचा परिणाम होतो, ते नैसर्गिक आहे.

१९. बाजारात मिळणारा लाल 'हिबिस्कस टी' आपल्या जास्वंदीचाच असतो का?

नाही. तो लाल अंबाडीच्या, म्हणजे हिबिस्कस सबडारिफाच्या मांसल, आंबट पुष्पकोशांपासून करतात. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क लिंबू पिळताच गडद गुलाबी होतो आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट, म्हणून शाळेत तो आम्ल-अल्क ओळखण्याचा दर्शक म्हणून वापरतात. पण अंबाडीचा आंबटपणा त्यात नसतो.

२०. आम्ही परदेशात थंड प्रदेशात राहतो. गणपतीसाठी जास्वंद लावता येईल का?

येईल, पण कुंडीतच. रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीपाशी घ्यावी. उत्तर गोलार्धात तेथे हिवाळ्यात सर्वाधिक ऊन मिळते. घरात पाणी निम्म्याने कमी करावे, खत बंद ठेवावे आणि हीटरच्या झोतासमोर कुंडी ठेवू नये. पाने बरीच गळतात, पण फांद्या हिरव्या असतील तर वसंतात झाड पुन्हा फुटते. बाहेर नेताना एकदम उन्हात न ठेवता आठ-दहा दिवस सावलीतून उन्हाकडे सरकवावे.

तेथल्या बागांत बर्फ सोसून जगणारी जी जास्वंद दिसते, ती बहुधा हिबिस्कस सिरियाकस असते. ती हिवाळ्यात पूर्ण पानगळ करते आणि उन्हाळ्याच्या मध्यापासून फुलते. अंगणात कायमची लावायची असेल, तर हीच निवडावी. तिच्या फुलांचा हंगाम भाद्रपदाच्या आसपासही चालू असतो, मात्र गावठी जास्वंदीचा तांबडा रंग तिच्यात मिळत नाही. तो हवा असेल, तर वर सांगितलेल्या कुंडीला पर्याय नाही.